जुनं नाणं पारखायचं कसं: मुंबईतल्या नव्या संग्राहकांसाठी

माझं पहिलं क्षत्रप नाणं, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य केलेल्या क्षत्रप राजांचं, मी फोर्टातल्या एका फुटपाथवर घेतलं. चांदीचं, नखाएवढं. एका बाजूला मिशाळ राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर. राजाच्या डोळ्याखाली सुईच्या टोकाएवढा खड्डा होता आणि घड्याळात चार वाजतात त्या जागी कडेला एक चीर. अठराशे वर्षांत एवढं तर होणारच, असं मला वाटलं. पंधरा दिवसांनी त्याच वाटेने जाताना दुसऱ्या विक्रेत्याच्या ताटलीत मला तेच नाणं दिसलं. तसंच नव्हे, तेच. तोच खड्डा, तीच चीर, चकतीचा तोच किंचित लांबट आकार. माझं नाणं तर तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली होती.

त्या पंधरा दिवसांच्या आधी कोणीतरी मला जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

नवीन संग्राहक नेहमी विचारतात, नकली नाणं कसं ओळखायचं? माझं उत्तर असं की आधी अस्सल ओळखायला शिका. माझी आई माहीमच्या सिटीलाइट मार्केटात पापलेटाचा कल्ला उचलून बघायची आणि एका क्षणात मासा खाली ठेवायची. शिळा मासा कसा असतो याचा तिने अभ्यास केला नव्हता. ताजा मासा मात्र वर्षानुवर्षं हाताळला होता. नाण्यांचंही तसंच आहे. बनावट करणारे शंभर तऱ्हा काढतील, पण एका राजाच्या एका टांकसाळीतून निघालेलं खरं नाणं एकाच रीतीने बनलेलं असतं. ती रीत ओळखीची झाली की खोटं नाणं डोळ्याला टोचायला लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या ओळखीसाठीच आहेत.

पहिली पायरी: एकच मालिका धरा

एकाच दिवशी आहत (पंचाने चिन्हं ठोकलेलं प्राचीन) नाणं, कुषाण, मुघल रुपया आणि रोमन डिनारियस घेऊन येणारी मंडळी मी पाहिली आहेत. प्रत्येकाचं वजन वेगळं, लिपी वेगळी, पाडण्याची पद्धत वेगळी. मग ताडून बघणार कशाशी? पहिलं वर्ष एका मालिकेला, म्हणजे एकाच घराण्याच्या किंवा एकाच प्रकारच्या नाण्यांना द्या. मुंबईत राहणाऱ्याला मी शिवराई, गधैया आणि क्षत्रप या तिघांतून निवडायला सांगते. तिन्ही आपल्या भागात चाललेली, बाजारात अजून बऱ्यापैकी मिळणारी.

शिवराई आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात होती, तुमच्याही असेल. तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. त्यावर साल नसतं, आणि इथेच नवखा फसतो. १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे नाणं पुढे पेशवाईतही ठिकठिकाणच्या टांकसाळींत पाडलं जात राहिलं आणि 'दुदांडी' नावाची उशिराची शिवराई तर इंग्रजी अमलातही चालत होती. म्हणजे हातातली शिवराई पूर्ण अस्सल असू शकते आणि तरीही 'महाराजांच्या काळातली' हे विकणाऱ्याचं म्हणणं खोटं असू शकतं. 'छत्रपति' या शब्दाचीच या नाण्यांवर कितीतरी रूपं सापडतात. अक्षरांचं वळण आणि वजन यांवरून जाणकार ती आधीची की नंतरची ते ठरवतात. नाणं खरं आहे का आणि त्याबरोबर सांगितलेली गोष्ट खरी आहे का, हे दोन प्रश्न कायम वेगवेगळे विचारा.

महाराजांचा सोन्याचा होन कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो हातातसुद्धा न घेता निघून या. अस्सल होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठाऊक आहेत. आपल्या मनात त्या नाण्याबद्दल जी श्रद्धा आहे तिच्यावरच हा धंदा चालतो, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच येतो.

गधैया दिसायला विचित्र. इराणच्या सासानी राजा पेरोजच्या नाण्याची नक्कल, मग त्या नकलेची नक्कल, असं शतकानुशतकं होत होत चेहऱ्याच्या रेघा आणि ठिपके झाले, मागच्या बाजूच्या अग्निवेदीची आडव्या रेघांची उतरंड झाली. वजन साधारण ४ ग्रॅम. पुष्कळ मिळतात, स्वस्त असतात. हात बसवायला उत्तम.

माझा जीव मात्र क्षत्रपांवर. सुमारे २ ग्रॅमचं, दीडेक सेंटिमीटर व्यासाचं हे चांदीचं नाणं स्वतःची ओळख स्वतः सांगतं. मागच्या बाजूला ब्राह्मीत राजाचं आणि त्याच्या वडिलांचंही नाव: 'राज्ञो महाक्षत्रपस रुद्रदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसीहस'. पुढच्या काळातल्या नाण्यांवर राजाच्या डोक्यामागे शक संवताचा आकडाही असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. त्यामुळे क्षत्रप गोळा करणाऱ्याने ब्राह्मीची वीस-पंचवीस अक्षरं शिकलीच पाहिजेत. दोन आठवड्यांचं काम आहे. कोलकात्याच्या टांकसाळीत काम केलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८३७च्या सुमारास ब्राह्मी उलगडली आणि त्या खटपटीत सौराष्ट्राची हीच नाणीही त्याच्यासमोर होती. ज्याला लिपी येत नाही असा बनावट करणारा नवीन ठसा कोरतो तेव्हा अक्षरांचे नुसते आकार काढतो. 'राज्ञो'चा 'ज्ञो' कुठेतरी काडी-काड्यांचा होऊन जातो. वाचता येणाऱ्याला ते तिथल्या तिथे कळतं.

दुसरी पायरी: अस्सल नाणी बघायला जा

विकत घेण्याआधी निदान चार शनिवार-रविवार यासाठी काढा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. फोर्टात फिरोजशाह मेहता रस्त्यावरच्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. ते २००४ साली सुरू झालं. नवख्यासाठी मला तेच जास्त सोयीचं वाटतं, कारण आहत नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतचा क्रम एका फेरीत डोळ्यांखालून जातो. कलिन्याला मुंबई विद्यापीठात दिनेश मोदी संस्थेत नाणकशास्त्र शिकवतात.

काचेपलीकडचं नाणं हातात घेता येत नाही हे खरं, पण बघायचं काय ते ठरवून जा. झीज कुठे आहे? नाकावर, गालावर, केसांवर, म्हणजे उंच भागांवरच ना? अक्षरं चकतीच्या बाहेर किती वेळा गेली आहेत? चकत्या किती गोल आणि किती वेड्यावाकड्या? वहीत लिहा, जमेल तसं चित्र काढा. माझ्या पहिल्या वहीत रुद्रसेन या एकाच क्षत्रप राजाचे नऊ चेहरे आहेत. चित्र काढल्याशिवाय डोळा खरं बघत नाही.

सवड असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला जाऊन या. १९८०मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था तिथे आहे. गावाचा योग बघा: याच अंजनेरीला भोगशक्ती राजाचे आठव्या शतकाच्या आरंभीचे ताम्रपट सापडले आणि त्यांत 'कृष्णराज रूपक' या नाण्यांचा उल्लेख आहे. हा कृष्णराज कलचुरी घराण्यातला, सहाव्या शतकातला. म्हणजे राजा जाऊन दीड शतक उलटलं तरी त्याचं नाणं लोकांच्या व्यवहारात होतं. चांदीचं, एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे नंदी. ही नाणी मुंबई आणि साष्टीतही मिळाली आहेत आणि त्याची तांब्याची नाणी घारापुरीला. आपण लोकलमधून रोज ज्या जमिनीवरून जातो तिथे हे नाणं कोणाच्या तरी कनवटीला होतं. कान्हेरीच्या लेण्यांत कोकणातल्या शिलाहार राजांच्या काळातले द्रम्मांच्या (त्या काळच्या नाण्यांच्या) देणग्यांचे लेख आहेत, तेही बघून या. नाण्याचं जग माहीत असलं की चुकीच्या जागी चुकीचं नाणं आलं तर मनात शंका येते.

तिसरी पायरी: सामान

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. व्हर्नियर कॅलिपर. एक लोहचुंबक. झवेरी बाजार-काळबादेवी भागात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानांत हे मिळतं. ॲसिटोन लागेल ते शुद्ध घ्या. प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानांत विचारा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेल आणि सुगंध मिसळलेले असतात, ते नको.

नाणं कडेनेच धरायचं, खाली मऊ कापड पसरून. उजेड एका बाजूने तिरपा आला पाहिजे. वरून पडणाऱ्या ट्यूबलाइटखाली कुठलंही नाणं चांगलंच दिसतं.

चौथी पायरी: काही नाणी लगेच बाजूला काढा

राम दरबार, हनुमान, लक्ष्मी, कमळ किंवा ॐ असलेली, १६१६, १७१७ किंवा १८१८ साल घातलेली, 'ईस्ट इंडिया कंपनी' असं इंग्रजीत लिहिलेली तांब्या-पितळेची जाडजूड नाणी तुम्हाला हमखास दाखवली जातील. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ही मूळ नाण्याची नक्कलसुद्धा नाही, कारण मूळच नाही. कोणी देव्हाऱ्यात ठेवत असेल तर तो त्याच्या भक्तीचा विषय, संग्रहात मात्र त्यांना जागा नाही.

आणि तांदूळ ओढणारं नाणं. 'अंतराळ संशोधनाला लागतं, कोट्यवधी मिळतील' वगैरे. दाण्यांत लोखंड दडवलेलं असतं आणि नाण्यात चुंबक. यात लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. तुमच्या ओळखीत कोणी या नादाला लागलं असेल तर संकोच न करता त्याला अडवा.

पाचवी पायरी: आधी कड बघा

चेहरा आपल्याला भुलवतो. म्हणून नाणं हातात आलं की मी पहिल्यांदा त्याची कड बघते, सगळीकडून, भिंगाखाली, सावकाश फिरवत.

कारण असं. क्षत्रप, गधैया, शिवराई ही नाणी ठोकून पाडलेली आहेत. धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा, आणि घण. त्या एका घावात धातू बाहेरच्या बाजूला सरकतो. म्हणून कडेला बारीक चिरा पडतात, चकती एका अंगाला पसरते, नक्षी मध्यावर बसत नाही, अक्षरांचा अर्धा भाग बाहेर राहतो. भिंगाखाली अक्षरांच्या बुडाशी धातू वाहिल्याच्या रेषा दिसतात, कडेकडे जाणाऱ्या. अक्षराची बाजू उभी आणि धारदार असते.

बनावट करणारा बहुतेक वेळा सोपा मार्ग घेतो. खऱ्या नाण्याचा साचा काढतो आणि त्यात धातू ओततो. ओतीव नाण्यात चिरेची आकृती येते, पण ती खोल जात नाही. वर रेघ, आत भरलेली. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे गोल खड्डे किंवा दाण्यासारखे गोल उंचवटे राहतात. अक्षरांच्या बाजू साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. कडेवर मध्यभागी साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा असतो आणि तो घालवायला कानस मारलेली असते. जुन्या नाण्याच्या कडेवर एकाच दिशेच्या ताज्या कानशीच्या रेघा दिसल्या तर नाणं खाली ठेवा. माझ्या त्या पहिल्या नाण्यावर त्या होत्या. मी बघितल्याच नव्हत्या.

झीजही नीट बघा. खिशात, थैलीत, हातात फिरलेलं नाणं उंच भागावर झिजतं आणि खोलगट भाग ताजा राहतो. राजाचं नाक सपाट झालेलं असेल, पण कानामागची खोबण तीक्ष्ण हवी. उंच-खोल सगळंच सारखं बोथट असेल तर ते साच्यातून तसंच आलंय किंवा नाणं वाळूबरोबर घोळवलंय.

आता एक सावधगिरी, कारण या सूत्राच्या नादात मी एकदा चांगलं नाणं सोडून दिलं आहे. 'ओतीव म्हणजे नकली' हे आपल्याकडच्या प्रत्येक मालिकेला लागू नाही. प्राचीन भारतात हत्ती, डोंगर, कठड्यातलं झाड अशा चिन्हांची तांब्याची नाणी ओतूनच करत. सातवाहनांच्या काही मिश्रधातूच्या नाण्यांचंही तसंच. तिथे सांधा दिसला तर तो अस्सलपणाचा पुरावासुद्धा असू शकतो. म्हणून पहिल्या पायरीवर मी मालिका धरायला सांगितली.

आहत नाण्यांची तऱ्हा आणखी निराळी. चांदीचा पत्रा कापून तुकडे करायचे, वजन जुळेपर्यंत कोपरे छाटायचे आणि मग एकेक चिन्ह स्वतंत्र पंचाने ठोकायचं. सर्वपरिचित मालिकेत अशी पाच चिन्हं असतात. पाच वेळा ठोकलेली असल्यामुळे पाचांची खोली सारखी नसते, एक चिन्ह दुसऱ्यावर चढतं, एखादं कोपऱ्यात अर्धंच पडतं, आणि मागच्या बाजूला धातू फुगलेला जाणवतो. नकली आहत नाण्यात पाचही चिन्हं एकाच ठशाने एकदम उठवलेली असतात. सगळी एका पातळीवर, एका खोलीची. हे एकदा कळलं की पुन्हा चुकत नाही. यांचं प्रमाण ३२ रत्तींचं, म्हणजे ३.४ ग्रॅमच्या आसपास. आतून तांब्याची आणि वरून चांदी चढवलेली आहत नाणीही सापडतात आणि ती त्याच काळातली खोटी नाणी असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला 'रूपदर्शक' म्हटलं आहे आणि खोटी नाणी करणाऱ्याला 'कूटरूपकारक'. आपण करतोय ते काम इतकं जुनं आहे.

दोनदा छापलेलं नाणं बघून घाबरू नका. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह (टोकांना चार वर्तुळं असलेली फुली) उमटवलं होतं. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचा ठसा. अशा नाण्यात नहपानाचं नाक किंवा केस नव्या चिन्हाखालून डोकावत असतात, कुठे दबलेले, कुठे शाबूत. हा गोंधळ खरा असतो, कारण दोन घावांनी धातू दोनदा सरकलेला असतो. साच्यातून काढलेल्या नकलेत वरचं आणि खालचं चिन्ह एकमेकांत वितळल्यासारखी दिसतात.

सहावी पायरी: वजन आणि पाणी

आधी वजन. क्षत्रप नाणं साधारण १.८ ते २.४ ग्रॅममध्ये बसतं. ३ ग्रॅम भरलं किंवा सव्वा ग्रॅमच भरलं तर कारण शोधायलाच हवं. ओतीव नकला बऱ्याचदा वजनात चुकतात, कारण धातू निराळा असतो किंवा जाडी जमत नाही. लोहचुंबक लावा. चिकटलं तर संपलं. नाही चिकटलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) सहसा चिकटत नाही.

मग घनता. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि बाजूला लागू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. समजा एक मुघल रुपया ११.४२ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात आकडा १.१० आला. भागाकार १०.३८. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तेव्हा हे जुळतं. त्याच वजनाच्या नाण्याला १.३२ आला तर भागाकार ८.६५ आणि तो जर्मन सिल्व्हरचा पट्टा आहे. तांबं ८.९६, शिसं ११.३४, सोनं १९.३ हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत.

पण लहान नाण्याला ही परीक्षा तितकी लागू पडत नाही. २.१० ग्रॅमच्या क्षत्रपाला आकडा ०.२० आला तर घनता १०.५ आणि ०.२१ आला तर १०. काट्याचा शेवटचा आकडा एकाने हलला की निकाल बदलतो. पाच वेळा मोजून सरासरी घ्या आणि तरीही तिच्यावर सगळा भार टाकू नका. शिवाय बनावट करणारा खरी चांदी वापरू शकतो, आणि उत्तरकालीन अस्सल नाण्यांत चांदीचा कस उतरलेला असू शकतो.

झवेरी बाजारात टंच (धातूचा कस) काढून देणाऱ्या ठिकाणी एक्स-रे यंत्र असतं. त्याने नाण्याला इजा होत नाही, पण ते फक्त वरच्या थराचं मोजतं, आणि जमिनीत राहिलेल्या चांदीच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं. आकडा मूळ कसापेक्षा चढा येतो, हे धरून चाला. कसोटीच्या दगडावर मात्र जुनं नाणं कधीही घासू देऊ नका. सोनार सवयीने हात पुढे करतो, तेवढ्यात 'नको' म्हणा.

सातवी पायरी: पुट

तांब्यावर शतकानुशतकं जमलेलं हिरवं-तपकिरी पुट धातूचाच भाग झालेलं असतं. अक्षराच्या बारीक कोपऱ्यातही तेवढंच बसलेलं, नखाने न निघणारं. खोटं पुट रंगाचं किंवा लाखेचं असतं आणि खोलगट भागात साचलेलं असतं. नाणं ॲसिटोनमध्ये काचेच्या बरणीत अर्धा तास ठेवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर. द्रव हिरवा झाला किंवा कापसाला रंग लागला तर कोणीतरी नाणं रंगवलंय. धातूला ॲसिटोन काही करत नाही. नाणं आपलं झाल्यावरच हे करायचं किंवा विकणाऱ्याच्या परवानगीने.

पिवळसर हिरवी, पिठासारखी, कोरलं की पुन्हा उगवणारी पूड दिसली तर तो नाण्याचा आजार आहे, नकलेचा पुरावा नव्हे. मुंबईच्या पावसाळ्यात तो झपाट्याने वाढतो. असं नाणं इतरांपासून वेगळं, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नका, लाकडातून निघणारं आम्ल शिसं खातं.

आणि चिंच, पितांबरी, ब्रासो यांपैकी काहीही नाही. देव्हाऱ्यातल्या कितीतरी शिवराया घासून घासून कोऱ्या झाल्या आहेत. माझ्या आजीचीही तशीच, फक्त 'शिव' उरलाय.

आठवी पायरी: जुळं शोधा

हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण चकतीचा आकार, चीर, खड्डा, नक्षी किती सरकली आहे हे सगळंच्या सगळं एक असू शकत नाही. म्हणून घेण्याआधी दोन्ही बाजूंचा सरळ, स्पष्ट फोटो मागा आणि इंटरनेटवर तसं नाणं शोधा. लिलावांच्या जुन्या याद्या, ब्रिटिश म्युझियमचा ऑनलाइन संग्रह आणि पौर्वात्य नाण्यांचा झेनो हा मोठा चित्रसंग्रह फुकट बघता येतात. तुमच्या नाण्याची चीर दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी दिसली तर दोघांपैकी निदान एक नकली, बहुधा दोन्ही.

नव्याने कोरलेल्या ठशाने, खऱ्या चांदीवर ठोकून पाडलेली नकली नाणी मात्र भिंग, काटा, पाणी या सगळ्यांतून सुटतात. चांदीची सातवाहन नाणी दुर्मीळ आहेत, त्यांना मोल आहे, म्हणून हा प्रकार तिथे विशेष चालतो. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याच्या स्तूपात उत्खनन केलं तेव्हा यज्ञ सातकर्णीचं असं एक चांदीचं नाणं मिळालं होतं. तसं नाणं कोणी 'शेतात सापडलं' म्हणून दाखवलं, तर तो विषय तुमच्या पहिल्या पाच वर्षांचा नाही. तिथे चेहऱ्याची शैली ओळखावी लागते आणि ती शेकडो अस्सल नाणी पाहिलेल्या माणसालाच ओळखता येते. मुंबई कॉइन सोसायटीसारख्या ठिकाणी अशी माणसं भेटतात. मोकळेपणाने विचारा. ज्येष्ठ संग्राहक नवख्याचं नाणं आनंदाने बघून देतात, फक्त 'किती मिळतील?' हा पहिला प्रश्न नसावा.

घेताना

फुटपाथवर आणि चोरबाजारात जरूर फिरा, डोळा तयार होतो. पण शिकेपर्यंत पैसे तिथे खर्च करू नका. जो नाव-पत्त्यासह बिल देतो, बिलावर नाण्याचं वर्णन आणि वजन लिहितो आणि 'नकली ठरलं तर पैसे परत' असंही लिहून देतो, त्याच्याकडून घ्या. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. चार लोक ताटलीभोवती उभे आहेत आणि एकजण म्हणतोय 'ताई, तुम्ही नाही तर मी घेतो', अशा वेळी त्याला घेऊ द्या.

कायद्याचंही ध्यानात असू द्या. १९७२च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, आणि तुम्ही-आम्ही ते देशाबाहेर नेऊ किंवा पाठवू शकत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणूनही नाही. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर १८७८च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे १० रुपयांहून अधिक मोलाचं काहीही जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 'शेतात हंडा सापडला, गुपचूप विकतोय' असं सांगणारा माणूस एकतर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. शिवाय हंडा फुटून नाणी विखुरली की कोणतं नाणं कशाबरोबर होतं ही माहिती कायमची जाते. जोगलटेंभीचा साठा एकत्र तपासला गेला म्हणून नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते हे आज आपण खात्रीने म्हणू शकतो.

घरी आणलेल्या प्रत्येक नाण्याला एक कागद करा: तारीख, कोणाकडून, किंमत, वजन, व्यास, घनता, कडेला काय दिसलं, कोणाला दाखवलं, ते काय म्हणाले. नाणं मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, ते चिकट हिरवं होतं. नकली निघालेलं नाणं परत करता आलं तर करा. नाही आलं तर पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नकली' लिहून वेगळं ठेवा आणि ते कोणालाही विकू नका, देऊही नका. माझं ते पहिलं क्षत्रप असंच ठेवलेलं आहे. नवीन कोणी शिकायला आलं की मी त्याच्यासमोर ते आणि एक अस्सल रुद्रसेन शेजारी शेजारी ठेवते, भिंग देते आणि कडेपासून सुरुवात करायला सांगते.